सीडी आणि रिप केलेली फाइल: आवाजाची तुलना कशी करावी

सीडी प्लेअरवर एक गाणं लावलं, मग तेच गाणं सीडीवरून कॉम्प्युटरवर उतरवलेल्या, म्हणजे रिप केलेल्या, फाइलमधून ऐकलं आणि सीडी सरस वाटली, असा अनुभव अनेकांना येतो. कान फसले असं म्हणून तो झटकून टाकू नये, कारण फरक बऱ्याचदा खरोखरच असतो. तो नेमका कुठून आला हे मात्र शोधावं लागतं. या साध्या तुलनेत आपण नकळत चार गोष्टी एकदम बदललेल्या असतात: डिस्कवरून वाचलेला डेटा, फाइलचा प्रकार, आवाजाची पातळी आणि त्या डेटाचा पुन्हा आवाज करणारी यंत्रणा. चारही एकदम बदलल्या की दोष कुणाच्या माथी मारायचा हे ठरवता येत नाही. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे माझा एकच आग्रह आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या तीन जागच्या जागी ठेवा.

साहित्य फारसं लागत नाही. सीडी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर, चांगले वायरचे हेडफोन, दोन-तीन मोफत प्रोग्रॅम आणि एक मोकळी संध्याकाळ पुरते. ब्लूटूथचे हेडफोन या कामाला चालत नाहीत. ब्लूटूथवर आवाज पाठवताना तो बहुतेक वेळा पुन्हा एकदा दाबला जातो, त्यामुळे तुम्ही सीडी लावा की फाइल, ऐकता ते ब्लूटूथचं रूप.

सीडीवर नेमकं काय असतं

फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये सीडीचं मानक ठरवलं. त्याला रेड बुक म्हणतात. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये पहिले प्लेअर जपानमध्ये विक्रीला आले आणि तेव्हापासून मूळ आकडे बदललेले नाहीत: सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाच्या लाटेची त्या-त्या क्षणीची मोजमापं), प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावा-उजवा मिळून दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात, म्हणजे तासाभराच्या संगीताला सुमारे ६३५ एमबी. या मापात २२ किलोहर्ट्झपर्यंतची कंपनं नोंदवता येतात. तरुण, निरोगी कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ धरली जाते आणि वय वाढतं तशी ती खाली येते.

म्हणजे डिस्कवर आकडे आहेत. ते जसेच्या तसे फाइलमध्ये उतरले तर फाइल आणि सीडी यांत ऐकण्यासारखा फरक उरायला जागाच नाही. पण ‘जसेच्या तसे’ ही अट वाटते तितकी सोपी नाही. डेटा सीडीच्या २,३५२ बाइटच्या एका सेक्टरमध्ये प्रत्यक्ष माहिती २,०४८ बाइटच असते. उरलेली जागा मुख्यतः चुका शोधण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी खर्च होते. ऑडिओ सीडीत मात्र २,३५२ च्या २,३५२ बाइट संगीतालाच दिलेले असतात. दुरुस्तीचा खालचा एक थर तेवढा दोन्हींत समान आहे. तो ट्रॅकच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा खंड पूर्णपणे भरून काढू शकतो. त्यापलीकडचं नुकसान झालं की प्लेअर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधतो आणि पुढे जातो, तेही कसलीही खूण न देता. चरे पडलेली सीडी प्लेअरवर छान वाजते याचा अर्थ ती अचूक वाचली जातेय असा होत नाही, हे मनात पक्कं ठेवा.

पायरी १: डिस्क पुसा आणि तपासा

मऊ, धागे न सुटणारं कापड घ्या आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसत जा. गोल-गोल पुसू नका. ट्रॅक गोलाकार असतो, त्यामुळे पुसताना त्याच दिशेने चरा पडला तर सलग खूप डेटा एकदम जातो आणि वर सांगितलेली अडीच मिलिमीटरची मर्यादा ओलांडली जाते. आडव्या चऱ्यातून लेझर क्षणात बाहेर पडतो.

छापील बाजूकडेही लक्ष द्या. खालच्या बाजूला १.२ मिलिमीटर जाड पॉलिकार्बोनेट असतं, पण चकचकीत धातूचा थर छापील बाजूला, लॅकरच्या पातळ पापुद्र्याखालीच असतो. डिस्क दिव्यासमोर धरा. छापलेल्या बाजूच्या चऱ्यातून उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर तिथला डेटा गेला आहे आणि तो कुठल्याही पॉलिशने परत येणार नाही.

पायरी २: रिप अचूक करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इथे घाई केली तर पुढची सगळी तुलना पोकळ.

विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा डीबीपॉवरअँप, मॅकवर एक्सएलडी आणि लिनक्सवर व्हिपर हे प्रोग्रॅम याच कामासाठी बनलेले आहेत. साध्या म्युझिक प्लेअरमधलं ‘सीडी इंपोर्ट’ सहसा डेटा एकदाच वाचतं आणि मिळेल ते लिहून टाकतं. वरचे प्रोग्रॅम शंका आली की तोच भाग पुन्हा वाचतात, वाचनं एकमेकांशी ताडून पाहतात आणि जुळत नसेल तर तसं स्पष्ट सांगतात. त्यासाठी सेटिंगमध्ये सिक्युअर मोड निवडा. ड्राइव्ह वाचलेला डेटा स्वतःच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवत असेल तर त्याचीही नोंद सेटिंगमध्ये हवी. नाहीतर प्रोग्रॅम पुन्हा वाचायला सांगतो आणि ड्राइव्ह जुनंच वाचन परत हातात ठेवतो.

मग ऑफसेट. जवळपास प्रत्येक ड्राइव्ह ट्रॅकची सुरुवात काही नमुने पुढे किंवा मागे धरतो. ६ आणि ६६७ हे आकडे बऱ्याच ड्राइव्हमध्ये सापडतात. ६६७ नमुने म्हणजे सुमारे १५ मिलिसेकंद. यामुळे आवाजाचा दर्जा बदलत नाही, फक्त गाणं किंचित सरकतं. पण पुढे दोन फाइल एकमेकींतून वजा करायच्या असतील किंवा इतरांच्या रिपशी जुळवायच्या असतील तर ऑफसेट बरोबर भरलेला हवा. वरच्या प्रोग्रॅमना बहुतेक ड्राइव्हचे आकडे माहीत असतात. एखादी लोकप्रिय सीडी घातली की ते आपोआप ओळखतात.

रिप संपली की लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने लिहिलेला रिपचा अहवाल, वाचा. त्यात दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, ‘टेस्ट’ आणि ‘कॉपी’ या दोन स्वतंत्र वाचनांचे सीआरसी (डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडे) सारखे आले का. दुसरी, ॲक्युरेटरिपचा निकाल. ॲक्युरेटरिप हा जगभरातल्या लोकांनी केलेल्या रिपच्या चेकसमचा, म्हणजे अशाच पडताळणीच्या आकड्यांचा, साठा आहे. तुमच्या ट्रॅकचा चेकसम तिथल्या आकड्याशी जुळला आणि पुढे कॉन्फिडन्स १४ लिहून आला, तर इतर चौदा जणांना अगदी तोच डेटा मिळालेला आहे. वेगळ्या डिस्क, वेगळे ड्राइव्ह आणि तरीही एकसारखी चूक, असं सहसा घडत नाही. असा निकाल मिळाला की डेटा नीट वाचला गेला की नाही हा प्रश्न मिटला समजा. दुर्मीळ सीडी साठ्यात नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा रिप करून दोन्ही सीआरसी ताडून पाहा.

इथे एक आडबाजूची, पण फार उपयोगाची गोष्ट सांगतो. १९८० च्या दशकातल्या काही सीडींवर प्री-एम्फसिस वापरलेलं असतं. रेकॉर्ड करताना उंच स्वर मुद्दाम चढवायचे, वरच्या टोकाला ९ ते १० डेसिबलपर्यंत, आणि प्लेअरने वाजवताना ते तेवढेच उतरवायचे अशी ही योजना होती. प्लेअर डिस्कवरची खूण पाहून ते निमूटपणे करतो. रिप केलेल्या फाइलमध्ये मात्र चढवलेले स्वर तसेच राहतात आणि ती खूण हरवते. अशी फाइल कर्कश, कानाला टोचणारी वाटते, आणि ‘सीडी फाइलपेक्षा मऊ वाजते’ हे ऐकणाऱ्याचं म्हणणं शंभर टक्के खरं असतं. त्या काळातली सीडी असेल आणि रिप तीक्ष्ण वाटत असेल तर लॉगमध्ये प्री-एम्फसिसचा उल्लेख शोधा. काही डिस्कवर ही खूण डिस्कच्या सूचीत नसते, ट्रॅकच्या सबकोडमध्येच (संगीतासोबत नोंदलेल्या जादा माहितीत) असते, त्यामुळे लॉगमध्ये ‘नाही’ आलं तरी कानावर विश्वास ठेवून आणखी तपासा. सॉक्स या मोफत प्रोग्रॅममधला ‘डीएम्फ’ हा इफेक्ट फाइलला लावला की स्वर मूळ जागी येतात.

पायरी ३: एकाच रिपमधून वेगवेगळ्या फाइल करा

आता फाइलचा प्रकार. रिप आधी वेव्ह (न दाबलेली फाइल) किंवा फ्लॅकमध्ये करा आणि बाकीच्या सगळ्या फाइल त्याच एका रिपमधून बनवा. चाचणीसाठी मी पाच सुचवेन: फ्लॅक, ३२० केबीपीएसची (सेकंदाला ३२० हजार बिट) एमपीथ्री, लेम या एन्कोडरची (एमपीथ्री बनवणाऱ्या प्रोग्रॅमची) व्ही२ दर्जाची, म्हणजे बदलत्या बिटदराची, एमपीथ्री, १२८ केबीपीएसची एमपीथ्री आणि २५६ केबीपीएसची एएसी.

फ्लॅक आणि ॲपलचं अलॅक हे लॉसलेस प्रकार आहेत. डॉक्युमेंट झिप करून परत उघडलं की त्यातला स्वल्पविरामही हलत नाही, तसंच इथेही प्रत्येक नमुना मूळ रूपात परत मिळतो. फ्लॅकची ० ते ८ ही पातळी फक्त फाइल किती लहान होणार आणि बनायला किती वेळ लागणार एवढंच ठरवते. आवाज नऊही पातळ्यांवर तोच.

एमपीथ्री आणि एएसी वेगळ्या वाटेने जातात. मोठ्या आवाजाच्या आड त्याच वेळी, जवळच्याच कंप्रतेवर वाजणारा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही. एन्कोडर असे भाग हेरून तिथे कमी बिट खर्च करतो. १२८ केबीपीएस म्हणजे सीडीच्या अकराव्या भागाइतकाच डेटा, त्यामुळे तिथे तडजोड कळण्याजोगी होते. लेम सहसा १६-१७ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापून टाकतो. ३२० वर ही कात्री जवळपास २० किलोहर्ट्झला लागते.

पायरी ४: वजाबाकी करून पाहा

कानाने ऐकण्याआधी डोळ्यांनी पाहण्याची ही चाचणी मला फार आवडते. ऑडॅसिटी हा आवाज संपादनाचा मोफत प्रोग्रॅम उघडा, प्राधान्यक्रमांत जाऊन डिदर (मुद्दाम मिसळला जाणारा बारीक गोंगाट) बंद करा. वेव्ह आणि फ्लॅक दोन्ही एकाखाली एक आणा. एक ट्रॅक निवडून ‘इन्व्हर्ट’ इफेक्ट लावा आणि दोन्ही मिसळून नवा ट्रॅक करा. मूळ लाट आणि तिची उलटी लाट मिळून शून्य व्हायला हवी. तशी ती होते: पडद्यावर एक सपाट रेघ उरते, आणि कितीही मोठी करून पाहिली तरी तिच्यात एक कणही हलत नाही. वेव्ह आणि फ्लॅक यांच्या आवाजात फरक असल्याचा दावा कुणी केला तर ही रेघ दाखवा.

तेच एमपीथ्रीसोबत करा. आता रेघेऐवजी झांजांची सळसळ, शब्दांच्या कडा, खोलीच्या गुंजेचे तुकडे असं काहीतरी विचित्र ऐकू येईल. वजाबाकीआधी दोन्ही ट्रॅकची सुरुवात नमुन्यापर्यंत जुळलेली असल्याची खात्री करा, कारण एमपीथ्रीमध्ये आरंभी थोडी रिकामी जागा भरलेली असते आणि काही प्रोग्रॅम ती कापत नाहीत. सरकलेल्या फाइलची वजाबाकी भयानक मोठी येते आणि उगाच घबराट उडते.

मात्र उरलेला आवाज ऐकून ‘बघा, एवढं संगीत फेकून दिलं’ असा निष्कर्ष काढू नका. ते सगळं मूळ संगीताच्या आड दडलेलं होतं. एकटं काढून वाजवलं म्हणून ऐकू येतंय. संगीतासोबत ते जाणवतं का, हे फक्त कानच सांगू शकतात.

पायरी ५: पातळी जुळवा

दोन आवाजांत अर्ध्या डेसिबलचा फरक असेल तर कान सहसा ‘हा मोठा आहे’ असं सांगत नाही. ‘हा जास्त भरीव, जास्त स्पष्ट आहे’ असं सांगतो. पुष्कळ तुलना इथेच फसतात. घरगुती सीडी प्लेअरच्या लाइन आउटची कमाल पातळी साधारण २ व्होल्ट असते. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून त्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी मिळणं सामान्य आहे. २ आणि १ व्होल्टमधला फरक ६ डेसिबलचा होतो. एवढ्या फरकाने सीडी जिंकली तर तो प्लेअरच्या व्होल्टेजचा विजय आहे.

फाइल विरुद्ध फाइल असेल तर काम सोपं आहे. रिप्लेगेन (फाइलींची पातळी आपोआप सारखी करणारी सोय) लावा किंवा दोन्हींची पातळी ऑडॅसिटीत मोजून ०.१ डेसिबलच्या आत आणा. एमपीथ्री उलगडताना शिखरं कधी कधी कमाल मर्यादेच्या वर जातात आणि कापली जातात. जोरात मास्टर केलेल्या (प्रकाशनाआधीच पातळी खूप चढवलेल्या) अल्बममध्ये हे हमखास होतं, म्हणून दोन्ही फाइलची पातळी २-३ डेसिबलने उतरवून मगच ऐका.

प्लेअर विरुद्ध कॉम्प्युटर असेल तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे प्लेअरचं डिजिटल आउटपुट आणि कॉम्प्युटर दोन्ही एकाच डॅकला (डिजिटल आकड्यांचा पुन्हा आवाजाचा संकेत करणाऱ्या यंत्राला) जोडणं. दोन्हींकडून तेच आकडे आले की पातळी आपसूक जुळते. कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम तेवढा पूर्ण वर ठेवा. हे शक्य नसेल तर १०० हर्ट्झची टेस्ट टोन फाइल बनवा, ती रिकाम्या सीडीवर ऑडिओ म्हणून बर्न करा आणि दोन्हींकडून वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा. इतकी खालची टोन घेण्याचं कारण असं की स्वस्त मीटर उंच कंप्रतेवर भरवशाचे नसतात. दोन वाचनं १ टक्क्याच्या आत आली की पातळी ०.१ डेसिबलच्या आत आली. मीटरचे दोन प्रोब एकमेकांना लागू देऊ नका, ॲम्प्लिफायर जळू शकतो.

पायरी ६: वाटेतले अडथळे काढा

विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट ४८,००० हर्ट्झवर असेल तर सीडीचे ४४,१०० नमुने वाजवण्याआधी बदलले जातात. ते ४४,१०० वर आणा, ‘एन्हान्समेंट’ नावाचं जे काही असेल ते बंद करा आणि फूबार२००० या मोफत प्लेअरमध्ये एक्सक्लुझिव्ह आउटपुट निवडा. मॅकवर हेच काम ऑडिओ मिडी सेटअपमध्ये होतं. इक्वलायझर, बास बूस्ट, क्रॉसफेड सगळं बंद.

पायरी ७: डोळे बांधून ऐका

आता कानांची परीक्षा. फूबार२००० ला एबीएक्स कंपॅरेटर नावाचा जोड-भाग मिळतो. त्यात ए आणि बी या ओळखीच्या फाइल असतात आणि एक्स ही त्यांच्यापैकीच एक, पण कुठली ते लपवलेलं. पाहिजे तेवढ्या वेळा उड्या मारत ऐका आणि एक्स कोण ते सांगा. दर फेरीत एक्स नव्याने ठरतं.

फेऱ्या १६ ठेवा आणि आकडा आधीच ठरवा; मनासारखा निकाल आला की थांबायचं, असं करू नका. नुसता छापा-काटा करून १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे, १४ किंवा जास्तची तर ०.२ टक्क्यांच्या आसपास. १२ आले तर ‘फरक ऐकू येत असावा’ म्हणा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. ८-९ आले तर या गाण्यात, या हेडफोनवर, तुम्हाला फरक कळलेला नाही. दुसऱ्या कुणाला कळणारच नाही असं त्यातून सिद्ध होत नाही.

गाण्याची निवड इथे निर्णायक ठरते. भरगच्च वाद्यमेळात एमपीथ्री सहज लपते. तिला उघडं पाडतात ते शांततेतून अचानक उठणारे तीक्ष्ण आघात: कॅस्टनेट, तबल्याची चाट, हार्पसीकॉर्ड, प्रेक्षकांच्या टाळ्या. आघाताच्या अगदी आधी एक हलका फसफसणारा आवाज येतो, त्याला प्री-एको म्हणतात. एन्कोडर संगीताचे छोटे खंड पाडून प्रक्रिया करतो आणि आघातामुळे झालेली चूक त्या खंडाच्या आधीच्या शांत भागातही पसरते. असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा निवडा आणि फक्त आघाताच्या आधीच्या क्षणाकडे कान ठेवा. १२८ च्या फाइलमध्ये टाळ्यांचा कडकडाट पाण्याखालून आल्यासारखा घोळतो. तो एकदा ओळखीचा झाला की विसरता येत नाही.

सुरुवात १२८ पासून करा, म्हणजे काय शोधायचं ते कानाला समजतं. मग व्ही२, मग ३२०. दर अर्ध्या तासाने विश्रांती घ्या, थकलेला कान काहीही सांगतो. माझं मत विचाराल तर चांगल्या एन्कोडरची व्ही२ किंवा २५६ ची एएसी बहुसंख्य संगीतात सीडीपासून वेगळी काढणं अतिशय कठीण आहे.

निकाल वाचताना

फ्लॅक आणि सीडी यांत स्पष्ट फरक ऐकू आला, तर आधी रिपचा लॉग, मग प्री-एम्फसिस, मग पातळी या क्रमाने मागे जा. यापैकी काहीच नसेल तर फरक डॅक आणि ॲम्प्लिफायरमध्ये आहे, आणि तो एकाच डॅकवर दोन्ही ऐकलं की निघून जातो.

फाइल तुम्ही स्वतः रिप केलेली नसेल, डाउनलोड किंवा स्ट्रीम केलेली असेल, तर आणखी एक शक्यता मोठी आहे: मास्टरच, म्हणजे प्रकाशनासाठी तयार केलेली मूळ प्रतच, वेगळी. १९८५ ची सीडी आणि त्याच अल्बमचं नंतरचं रीमास्टर यांत हळू-मोठ्या आवाजातलं अंतर कमी केलेलं असू शकतं, ऑडॅसिटीत लाट विटेसारखी चौकोनी दिसते. हा फरक कुणालाही ऐकू येतो, आणि त्याचा सीडी की फाइल याच्याशी काडीचा संबंध नाही. फ्लॅक म्हणून मिळालेली फाइल मुळात एमपीथ्रीची तर नाही ना, हेही पाहा. स्पेकसारख्या प्रोग्रॅममध्ये तिचं वर्णपट-चित्र काढा. १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ सलग दिसली तर संशय घ्यायला जागा आहे. जुन्या टेपवरच्या रेकॉर्डिंगमध्ये उंच स्वर मुळातच कमी असू शकतात, पण ते हळूहळू विरत जातात.

संग्रह कशात ठेवायचा

फ्लॅकमध्ये, ॲपलची उपकरणं वापरत असाल तर अलॅकमध्ये. कानाला ३२० पुरत असली तरी माझा सल्ला हाच राहील. लॉसलेस फाइलमधून उद्या कुठल्याही नव्या प्रकारात जाता येतं. एमपीथ्रीतून दुसऱ्या लॉसी (माहिती गाळणाऱ्या) प्रकारात गेलात तर नुकसानीवर नुकसान साचतं, आणि एमपीथ्री परत सीडीवर बर्न केली तरी गेलेलं काही परत येत नाही. फोनसाठी हव्या तेवढ्या व्ही२ किंवा एएसी फाइल मूळ फ्लॅकमधून वेगळ्या काढा.

रिपचा लॉग आणि क्यू शीट (ट्रॅकच्या जागा नोंदणारी छोटी मजकूर फाइल) अल्बमच्या फोल्डरमध्येच ठेवा. दोन ट्रॅकमधली मोकळी जागा क्यू शीटमध्ये नोंदलेली असते, त्यामुळे सलग वाजणारे अल्बम पुन्हा बर्न करताना तुटत नाहीत. प्रत्येक फ्लॅक फाइलच्या आत मूळ आवाजाचा एमडी५ चेकसम लिहिलेला असतो. फूबार२००० मधलं फाइल तपासणीचं साधन किंवा फ्लॅक प्रोग्रॅममधली ‘टेस्ट’ आज्ञा चालवली की फाइल त्या आकड्याशी ताडून पाहिली जाते. दुसऱ्या हार्डडिस्कवर प्रत काढल्यावर आणि त्यानंतर वर्षातून एकदा ही तपासणी करा. बिघडलेली फाइल सापडली तर दुसऱ्या प्रतीतून उचला, आणि तीही गेली असेल तर सीडी पुन्हा ड्राइव्हमध्ये घाला.